मर की मूळकूज?

काल संध्याकाळी आबा वाळलेल्या हरभऱ्याची पाच-सहा झाडे हातात घेऊनच कट्ट्यावर आले. बियाण्याच्या पिशवीवर 'मररोग प्रतिकारक' असे छापलेले असताना ऐन घाटे भरण्याच्या वेळी झाडे उभी वाळत असतील, तर वाणाच्या संशोधनाला अर्थ तो काय, असा त्यांचा रोखठोक सवाल होता.

बियाण्याचे दुकान चालवणाऱ्या अण्णांना हे लागले. राहुरीच्या विद्यापीठाचे विजय आणि दिग्विजय किंवा जाकी ९२१८ हे वाण आले नसते, तर मर म्हणजे झाड उभे वाळवणारा बुरशीचा रोग असलेल्या जमिनीत हरभरा घेणेच अवघड झाले असते, असे ते म्हणाले. त्यांचे म्हणणे खरे आहे. मरीची फ्युजेरियम बुरशी पीक नसतानाही जमिनीत सहा वर्षांपर्यंत तग धरते, त्यामुळे एका हंगामाच्या फेरपालटीने ती हटत नाही.

निवृत्त कृषी शिक्षक असलेले गुरुजी मग निवडीच्या पद्धतीवर बोलले. हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथे इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेने मुद्दाम बुरशीने भारलेले शेत राखले आहे. तिथे मरीला हमखास बळी पडणारा जे.जी. ६२ हा वाण मधल्या ओळींत पेरतात; तो मेला म्हणजे जमिनीत रोग पुरेसा आहे हे कळते, आणि त्याच्या शेजारी ज्या वाणाची १० टक्क्यांपर्यंतच झाडे मरतात, तो प्रतिकारक ठरतो. यातली खरी मेख गुरुजींनी पुढे सांगितली. या बुरशीच्या एका प्रकाराविरुद्ध हरभऱ्यात तीन जनुके सापडली असून त्यांपैकी एकटे जनुक झाडाचे मरण फक्त लांबवते, दोन एकत्र आली तरच झाड पूर्ण तगते. म्हणून मेलेल्या झाडांची मोजणी लवकर करून निवड केली, तर उशिरा मरणारे झाडही चांगले ठरण्याचा धोका असतो.

"म्हणजे माझ्या वाणाची निवड चुकली," आबा म्हणाले.

"तसे लगेच म्हणू नका, आबा. आधी झाड चिरून पाहू," असे म्हणून गुरुजींनी चाकू मागितला.

मर असती तर खोड उभे चिरल्यावर आत काळसर तपकिरी रेघ दिसली असती. इथे खोड आतून स्वच्छ होते, पण सोटमूळ काळे पडून काडीसारखे मोडत होते आणि बारीक मुळे कुजून गळाली होती. ही कोरडी मूळकूज होती. तिची बुरशी वेगळी असते, आणि तापमान ३० अंशांच्या वर गेले व जमिनीतली ओल तुटली की ती फुलोऱ्यानंतर उचल खाते. मरीविरुद्ध निवडलेला वाण तिला दाद देईलच असे नाही, आणि तिला भक्कम प्रतिकार करणारे वाण मिळणे आजही कठीण आहे.

अण्णांना हायसे वाटले, पण आबांनी त्यांना सोडले नाही. कोणत्या रोगाला प्रतिकारक आणि कोणत्या रोगाला नाही, हे दोन्ही पिशवीवर का लिहीत नाहीत, असे त्यांनी विचारले. मला आबांचे म्हणणे पटते. अण्णाही यावर काही बोलले नाहीत. त्यांनी एक मोडलेले मूळ कागदात गुंडाळून दुकानात दाखवण्यासाठी मागून घेतले.