बो जॅक्सनला दोन खेळांनी संपवले नाही

‘अमेरिकेच्या बो जॅक्सनने कॉलेजात फुटबॉल आणि बेसबॉल अशा दोन डगरींवर हात ठेवले, शेवटचे वर्ष वाया घालवले, पदवीही घेतली नाही आणि 28व्या वर्षी कायमचा जायबंदी झाला, पालकांनो, मुलांना एकच खेळ खेळू द्या’, असा संदेश सध्या फिरतो आहे. तो वाचून माझ्या बहिणीने तेरा वर्षांच्या लेकीचे खो-खो बंद करून तिला फक्त धावण्याच्या सरावाला पाठवायचे ठरवले, म्हणून हे लिहिणे भाग आहे.

यातली सर्वांत घातक थाप दुखापतीची आहे. 13 जानेवारी 1991 रोजी लॉस एंजेलिस रेडर्स या अमेरिकन फुटबॉल (चेंडू हातात घेऊन धावण्याचा खेळ) संघाकडून सिनसिनाटी बेंगाल्सविरुद्ध चेंडू घेऊन धावताना प्रतिस्पर्ध्याने मागून त्याचा पाय पकडून त्याला पाडले, त्या एका झटक्यात खुब्याला इजा झाली आणि पुढे रक्तपुरवठा तुटल्याने तिथले हाड मरत गेले. दोन खेळांच्या ताणाने झालेली ही झीज नव्हे. नुसते अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्यावरही हाच प्रसंग येऊ शकतो. ‘कायमचा जायबंदी’ म्हणावे, तर 1992 मध्ये कृत्रिम खुबा बसवलेला हा माणूस 1993 मध्ये शिकागो व्हाइट सॉक्स या बेसबॉल संघाकडून मैदानात परतला, पहिल्याच फलंदाजीत त्याने होम रन (सहसा चेंडू थेट मैदानाबाहेर घालवणारा फटका) मारला आणि त्या हंगामात एकूण 16 मारले. तो केवळ बेसबॉल खेळला असता तर ती पकड त्याच्या वाट्याला आली नसती, एवढे मात्र मान्य करावे लागते.

लक्ष विभागले म्हणणाऱ्यांनी त्याचे 1985 हे एकच वर्ष पाहावे. ऑबर्न विद्यापीठाकडून बेसबॉलमध्ये त्याची फलंदाजीची सरासरी .401 (म्हणजे दहापैकी साधारण चार वेळा यशस्वी फटका) होती आणि त्याच वर्षी फुटबॉलमध्ये 1,786 यार्ड धावून त्याने कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा हाइजमन करंडक जिंकला. पुढचा बेसबॉल हंगाम अर्धवट राहिला, तो टॅम्पा बे बकनीअर्स या व्यावसायिक फुटबॉल संघाने वैद्यकीय तपासणीसाठी त्याला स्वतःच्या विमानाने नेल्यामुळे. हे नियमात बसते असे त्याला सांगण्यात आले होते, प्रत्यक्षात तो कॉलेजच्या बेसबॉलसाठी अपात्र ठरला. चिडून त्याने त्या संघाने नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत त्याला दिलेली पहिल्या क्रमांकाची निवड नाकारली आणि बेसबॉलच्या कॅन्सस सिटी रॉयल्सशी करार केला.

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय अकादमीने 2016 च्या अहवालात एकाच खेळाची निवड 15-16 वर्षांपर्यंत लांबवण्याचा सल्ला दिला आहे. तेराव्या वर्षी खो-खो सोडवणे त्याच्या थेट विरुद्ध जाते. राहिला पदवीचा मुद्दा: ती त्याने 1995 मध्ये ऑबर्नमधूनच पूर्ण केली.