साहेबाच्या देशात सहकुटुंब, सहपरिवार, सडब्बा

अभिनंदन, तुम्ही एकदाचे इंग्लंडात पोचलात. व्हिसा झाला, हेल्थ सरचार्ज म्हणून मोठ्यांचे माणशी वर्षाला १०३५ पाउंड आणि पोरांचे ७७६ असे सगळ्या वर्षांचे आगाऊ मोजून झाले, बॅगेत प्रेशर कुकर, मेतकूट आणि गोडा मसाला सुखरूप आला (पेढे आणले असतील तर गप्प बसा, भारतातून दुधाचे पदार्थ इथे आणायला बंदी आहे आणि तरीही प्रत्येकाच्या आईने दिलेलेच असतात). आता इथे फॅमिलीसकट कसं राहायचं आणि कुठे फिरायचं याचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देणारच आहे, कारण तुमच्या आधी सहा महिने आलेला प्रत्येक मराठी माणूस इंग्लंडवरचा तज्ज्ञ असतो. मी तर त्याहून जुनं खोड आहे, तेव्हा मुकाट्याने ऐका.

घर स्लाऊ, हाउन्स्लो, हॅरो, रेडिंग कुठेही घ्या, एजंट तुम्हाला गार्डन दाखवेल, शाळेचं रेटिंग सांगेल, तिकडे लक्ष देऊ नका. तुम्ही फक्त छताकडे बघायचं. स्मोक अलार्म किचनपासून किती लांब आहे ह्यावर तुमच्या संसाराचं सुख अवलंबून आहे, कारण इथली किचनं ज्यांनी बांधली त्यांच्या डोक्यात उकडलेला बटाटा होता, फोडणी नव्हती. तेल तापलं, मोहरी तडतडली, हिंग पडला, वर सुकी मिरची टाकली की एकाने कढईशी उभं राहायचं आणि दुसऱ्याने पंचा घेऊन अलार्मखाली गरागरा फिरवत वारा घालायचा. लग्न किती मुरलंय ते इथे कळतं. नवं जोडपं अलार्म वाजल्यावर धावतं, जुनं जोडपं मोहरी पडायच्या आधीच पोझिशन घेतं. आणि मासे तळायचे असतील तर सगळे कोट-जॅकेट आधी वरच्या बेडरूममध्ये नेऊन दार लावून टाका, नाहीतर सोमवारी ऑफिसच्या लिफ्टमध्ये तुमच्या आधी बांगडा पोचतो.

सरचार्ज भरलाय म्हणून आजारी पडायची हौस करू नका. जीपीची, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरची, अपॉइंटमेंट हवी तर सकाळी आठच्या ठोक्याला फोन लावायचा, मग तुमचा नंबर रांगेत कितवा आहे ते रेकॉर्डेड बाई सांगते, आणि रांग संपेपर्यंत बहुतेक वेळा ताप उतरलेला असतो, म्हणजे उपचार झालाच की. अगदीच काही झालं तर कॅज्युअल्टीत जा, चार तासांत बघायचं असं त्यांचं टार्गेट आहे, आता टार्गेट म्हणजे काय हे तुम्हा आयटीवाल्यांना मी काय सांगणार. बाकी पॅरासिटामॉल आहेच, तेसुद्धा दुकानात एका वेळी दोनच पाकिटं देतात. म्हणून सुज्ञ लोक अख्खं औषधाचं दुकान पुण्याहून आणतात आणि घशाचे फोटो काढून तिकडच्या डॉक्टरला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात.

हवेबद्दल तक्रार करायला ताबडतोब शिका, तोच एक विषय आहे ज्यात शेजारी तुमच्याशी बोलेल. फक्त उन्हाळ्यात फुशारकी मारू नका. १९ जुलै २०२२ ला लिंकनशायरमधल्या कॉनिंग्सबीला ४०.३ डिग्री झालं तेव्हा आमच्यातले नागपूरकर आदल्या दिवशीपर्यंत सांगत होते, चाळीस म्हणजे काय, आमच्याकडे मे महिन्यात त्याला गारवा म्हणतात. पण घरात ना एसी, ना सिलिंग फॅन, भिंती उष्णता धरून ठेवायला बांधलेल्या, खाली कार्पेट. दुपारी तीनला तेच नागपूरकर ओला टॉवेल डोक्यावर घेऊन सुपरमार्केटच्या फ्रोझन मटारांसमोर उभे होते, यादी विसरल्यासारखं करत.

आता महत्त्वाचं, आईबाबा येणार. व्हिजिटर व्हिसा सहा महिन्यांचा, आणि ते पहिल्या दिवसापासून पाउंडाला शंभराने गुणायला लागतात (शंभराने गुणून खरी किंमत येत नाही, खरी त्याहून जास्त येते, पण ते त्यांना सांगू नका). पाण्याची बाटली दीडशे रुपये, पार्किंग हजार रुपये, आणि केस कापायचे ऐकल्यावर बाबा सहा महिने केस वाढवायचं ठरवतात. त्यांना लंडन दाखवताना लंडन आय, राजवाड्याबाहेरचे टोपीवाले पहारेकरी वगैरे एका दिवसात उरका, प्रिमरोझ हिलजवळ किंग हेन्रीज रोडवर १० नंबरचं बाबासाहेब आंबेडकरांचं घर आहे, महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये घेतलेलं, तिथे मात्र वेळ काढून न्या, हे मी गंभीरपणे सांगतोय. मग व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम, तिकीट नाही, त्यामुळे बाबा खूश. ते आत शिरल्या शिरल्या वाघनखं कुठे आहेत म्हणून विचारतील. ती जुलै २०२४ मध्ये तीन वर्षांच्या कराराने महाराष्ट्रात गेली, आधी साताऱ्याच्या संग्रहालयात, म्हणजे बाबांच्या घरापासून एसटीने दोन-अडीच तासांवर. इतक्या लांब आणून ही बातमी म्युझियमच्या मधोमध द्यायची नाही, आधी कॅफेत बसवा. आणि ती नखं नक्की महाराजांचीच का हा विषय घरी जेवताना अजिबात काढू नका, भात गार होतो.

शाळेचं एक. सुट्टी नसताना पोरांना भारतात न्यायचं म्हणजे दंड, २०२४ च्या ऑगस्टपासून एका पोरामागे प्रत्येक पालकाला ८० पाउंड, तेही २१ दिवसांत भरलात तर, नाहीतर १६०. दोन पोरं, दोन पालक, ३२० पाउंड. आता तुम्ही लगेच जुलै-ऑगस्टची मुंबईची तिकिटं आणि जूनची तिकिटं यांची वजाबाकी करणार आणि दंड भरून वर किती उरतात ते काढणार, मला माहितीये, प्रत्येक मराठी घरात ही एक्सेल शीट आहे. पण शाळेला "आजी सीरियस आहे" असं कळवण्याआधी धाकट्याला विश्वासात घ्या. तो परत आल्यावर शो अँड टेलमध्ये मामाच्या लग्नातला फेटा घालून उभा राहतो आणि आजी कशी झिंगाट नाचली ते अख्ख्या वर्गाला करून दाखवतो.

आता आउटिंग. बँक हॉलिडे, म्हणजे इथली सार्वजनिक सुट्टी, वर्षात आठ, पैकी मे महिन्यात दोन, आणि मेच्या शेवटच्या सोमवारी घरी बसलेला मराठी माणूस इथे नापास समजतात. एकट्या फॅमिलीने जायचं नाही, लोकांना वाटतं भांडण झालंय. पाच फॅमिली, एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, त्यावर पोल. लेक डिस्ट्रिक्ट लांब, ब्रायटनला नुसते गोटे, कॉट्सवोल्ड्स झालंय, लॅव्हेंडर अजून फुललं नाही आणि पांढरा ड्रेस इस्त्रीला आहे. "आम्हाला काहीही चालेल" म्हणणाऱ्या फॅमिलीपासून सावध राहा, शेवटच्या क्षणी सगळ्यात जास्त तेच मोडता घालतात. अखेर डर्डल डोअर, म्हणजे समुद्रातली ती दगडी कमान, ठरतं, कारण कोणाच्या तरी डीपीत ते आहे.

सकाळी सहाला निघायचं ठरवा म्हणजे पावणेनऊला निघाल. डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, लसणाची चटणी, गुळाच्या दशम्या, शेंगदाण्याचे लाडू, आणि न बोलता प्रत्येक गाडीच्या दारात एक रिकामी पाण्याची बाटली. ती कशाला असते ते भारतातून नवीन आलेल्यांना पहिल्या सर्व्हिसेसला, म्हणजे हायवेवरच्या थांब्याला, आपोआप कळतं, इंग्रजांनी जगावर राज्य केलं पण टॉयलेटात नळ काही आणला नाही. सर्व्हिसेसला पार्किंग दोन तास फुकट, तेवढ्यात दहा मोठे, आठ पोरं आणि तीन आज्या-आजोबा आवरून यायचे, मध्ये एक कॉफी विकत घ्यायची, जास्तीचे चार कप मागायचे, आणि थर्मासमधला आल्याचा चहा त्यात ओतायचा.

मग ए३०३ धरा. डर्डल डोअरला जायचा तो सरळ रस्ता नाही असं सॅटनॅव्ह म्हणेल, म्हणू दे. त्या रस्त्यावरून स्टोनहेंज दिसतं. तिकीट काढून गेलात तरी दोरीच्या पलीकडूनच बघायचंय, मग गाडीतून काय वाईट? शिवाय तिथे कायम ट्रॅफिक तुंबलेला असतो, म्हणजे एरवी ज्याला आपण शिव्या घालतो ती इथे दर्शनाची रांग समजायची. ड्रायव्हरने मोबाईलला हात लावायचा नाही, मागच्या सीटवरच्यांनी काचा खाली करून साडेचार हजार वर्षांपूर्वीचे दगड शूट करायचे, आजींनी नमस्कार करायचा, झालं. मध्यंतरी सरकार हा रस्ता बोगद्यातून नेणार होतं, तेव्हा आमच्या ग्रुपवर फार हळहळ झाली होती, पण २०२४ च्या जुलैत बोगदा रद्द झाला. कारण खर्चाचं दिलं. आम्हाला कारणाशी काय करायचंय, सोय राहिली.

डर्डल डोअरचं पार्किंग वर कड्यावर आणि समुद्र खाली, मधे घसरड्या खडीचा उतार आणि मग पायऱ्या. टॉयलेट वरच. हे खाली गेल्यावर सांगायचं असतं. कूलबॉक्स, फोल्डिंगच्या खुर्च्या, क्रिकेटची बॅट, नऊवारी आणि खाली पांढरे स्पोर्ट्स शूज घातलेल्या आजी, असा सगळा लवाजमा खाली उतरवला की पुरुषमंडळी कमरेवर हात ठेवून त्या चुनखडीच्या कमानीकडे बघतात, आणि इथे तुम्ही चुकायचं नाही. कोणीतरी "वाव" म्हणायच्या आत तुम्ही म्हणायचं, "ह्यात काय, आमच्या निघोजचे रांजणखळगे बघा." लगेच दुसरा कोकणकडा काढतो, तिसरा नाणेघाट. नियम एवढाच की ती जागा तुम्ही भारतात असताना कधी पाहिलेली नसावी. पुण्यात वीस वर्षं राहून शनिवारवाड्यात न गेलेला माणूस इथे येऊन किल्ल्यांवर बोलायला लागला की त्याला थांबवणं अवघड असतं. २००१ मध्ये ह्या किनाऱ्याला युनेस्कोने जागतिक वारसा ठरवलं हे वर पाटीवर लिहिलंय, पण पाट्या वाचायला आपण आलेलो नाही.

हवा सतरा डिग्री. इंग्रज उघडे पडलेले, आपण जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढलेली. बाजूच्या फॅमिलीने काकडीचं सँडविच काढलं की आपण स्टीलचा डबा उघडायचा. लसणाची चटणी बाहेर पडते तशी आजूबाजूची चार डोकी वळतात. एक बाई हसून म्हणते, किती छान वास येतोय. ती मनापासून म्हणाली की सभ्यपणा म्हणून, हा वाद परतीच्या साडेतीन तासांना पुरतो. तिला पुरी द्यायची की नाही ह्यावर कुजबुज चालू असतानाच सीगल येतो आणि धाकट्याच्या हातातली पुरी, वर भाजीसकट, घेऊन जातो. धाकटा रडतो, आजी सीगलला अस्सल कोल्हापुरीत त्याच्या खानदानाबद्दल दोन शब्द सुनावतात, आणि ती इंग्रज बाई आता खरोखर मनापासून हसते. फोटो ह्याचा कोणी काढत नाही. फोटो काढायचे ते कमानीसमोर उभं राहून, पाचही फॅमिलींचे प्रत्येकाच्या फोनवर, मग फक्त बायका, मग फक्त पुरुष, मग आजी-आजोबा, मग ज्याने फोटो काढले तो नव्हता म्हणून पुन्हा सगळे. एवढ्यात भरती वाढते.

त्याच रात्री घरी पोचल्या पोचल्या, पोरं झोपायच्या आत, फोटो भारतातल्या ग्रुपवर टाका. खाली "जस्ट अ क्विक गेटअवे" असं लिहा. जाता-येता मिळून सात तास गाडीत गेले, थोरल्याला दोनदा ओकारी झाली आणि चढ चढून येताना बाबांनी तुमच्याशी बोलणं बंद केलं, हे लिहू नका. तिकडून चुलतभाऊ "मजा आहे बाबा तुमची" लिहील, त्याला उलट "कसली मजा, इथे भांडीसुद्धा स्वतः घासावी लागतात" असं उत्तर द्या. कॉमेंट त्याच वाक्यासाठी असते.

राहिला हिशोब. स्प्लिटवाइज ह्या खर्च वाटायच्या अ‍ॅपवर सगळं टाकून मोकळं व्हा असं लोक सांगतात, ते लोक मोकळे झालेले मी पाहिलेले नाहीत. जी फॅमिली बिअर पीत नाही ती बिअरचा वाटा देणार नाही हे कबूल, पण मग जे लाडू खात नाहीत त्यांनी शेंगदाण्याचे पैसे का द्यायचे, आणि दोन वर्षांच्या मुलाचं पार्किंग अर्धं धरायचं का, हे प्रश्न रात्री साडेअकराला निघतात. मोठ्या मनाने "जाऊ दे, माझ्याकडून" म्हणायची चूक करू नका, पुढच्या वेळेपासून ते गृहीत धरतात. साडेचार पाउंडांवरून कोणीतरी "ओके" एवढंच लिहील, पुढे पूर्णविराम देऊन. त्या पूर्णविरामाचा अर्थ आपापल्या बायकोकडून नीट समजून घ्या. मग त्या फॅमिलीला वगळून नवीन ग्रुप काढा, ऑगस्टच्या बँक हॉलिडेचं प्लॅनिंग तिथे सुरू करा आणि जुन्या ग्रुपवर रोज सकाळी गुलाबाच्या फोटोसकट गुड मॉर्निंग पाठवत राहा, त्यांना संशय यायला नको. त्यांनीही तोपर्यंत तुम्हाला वगळून एक काढलेला असेलच.