नकारात्मक प्रबलन म्हणजे शिक्षा नव्हे

‘स्किनरच्या मते नकारात्मक प्रबलन म्हणजे शिक्षा’ हे वाक्य परीक्षेच्या नोट्समधून फिरतंय. स्किनर म्हणजे वर्तनाचा अभ्यास करणारे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ, आणि प्रबलन म्हणजे एखादं वर्तन वाढवणारा परिणाम. हे वाक्य चूक आहे. घोळ ‘नकारात्मक’ या शब्दाने घातलाय. इथे तो ‘वाईट’ नव्हे, नुसतं वजाबाकीचं चिन्ह, म्हणजे काहीतरी काढून घेणं. प्रयोगाच्या पेटीतल्या जाळीतून विजेचा झटका चालू असतो, उंदराने दांडा दाबला की तो थांबतो. मग उंदीर दांडा वारंवार दाबू लागतो. वर्तन वाढलं, म्हणजे प्रबलन. शिक्षेने ते घटतं. सीटबेल्ट लावेपर्यंत गाडी टुंगटुंग करते, तेही हेच.

उदाहरण ओळखताना दोनच गोष्टी तपासा: काही दिलं की काढलं? वर्तन वाढलं की घटलं? मोबाइल काढून घेतल्यावर मुलाचं उशिरा घरी येणं कमी झालं, तर ती नकारात्मक शिक्षा. मार्क बहुतेकदा इथेच जातात.