केळीच्या बागेत कार्बन स्टील नको
घडीच्या चाकूंवरच्या एका लेखात रोजच्या वापराला कार्बन स्टीलचाच चाकू घ्या म्हटलंय, धार पटकन लागते म्हणून. धारेचं खरं आहे. पण आम्हा रावेर-यावलकडच्या केळीवाल्यांनी तो घेऊ नये, असं मला मनापासून वाटतं. केळीच्या चिकात टॅनिन असतं, त्यानं पातं काळं पडतं आणि पुसायचं राहिलं की गंज धरतो. मी एकदा फणी कापून चाकू तसाच मिटून खिशात टाकला. सकाळी चीक सांध्यात असा वाळला होता की पातं नखानं हलेना. गोडंतेल सोडून तासभर ठेवला तेव्हा कुठं उघडला.

स्टेनलेस घ्या. धार लावायला जरा जास्त घासावं लागतं, लागू द्या. तीन इंची पातं पुरतं. लॉक मात्र हवंच! ठिबकची १६ मिमीची नळी कापताना जोर लावावा लागतो, लॉक नसलं की पातं थेट बोटांवर मिटतं. ओपिनेल या फ्रेंच कंपनीच्या चाकूची पातं अडकवणारी फिरती कडी (१९५५ पासून आहे) मला आवडते, त्यांचं स्टेनलेसही मिळतं. फक्त लाकडी मूठ पाण्यानं फुगते, पावसाळ्यात सांभाळा.