ताईला कळवू नका म्हणणाऱ्यांसाठी

आज दवाखान्यात नात्यातल्याच एकीने मला बाजूला घेऊन विचारलं, "आई पडल्याचं ताईला कळवलंस का गं?" म्हटलं, हो, त्याच रात्री. तर तिने कपाळावर हात मारला. "कशाला? ती एवढ्या लांब. लगेच येणार थोडीच आहे? रडत बसेल तिकडे. देवाचं काम करतेय, तिच्या जिवाला कशाला घोर लावायचा?"

आई जागी होती म्हणून मी तिथे गप्प बसले. आता घरी आलेय, पोरं झोपलीत, आणि डोकं अजून शांत होत नाहीये. म्हणून लिहिते.

आधी आईचं सांगते, म्हणजे फोन थांबतील. गुरुवारी संध्याकाळी बाथरूममध्ये पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन व्यवस्थित झालं. काल वॉकर धरून उभी केली, दोन पावलं टाकली, तिसऱ्याला नर्सवर ओरडली. म्हणजे आई ठीक आहे. प्रार्थना करणाऱ्या सगळ्यांचे मनापासून आभार.

आता ताईचं. आमची ताई केनियात आहे, वायव्येला तुर्काना भागात, लोडवारच्याही पुढे. ती सिस्टर, म्हणजे नन आहे, मिशनच्या दवाखान्यात नर्स. उन्हाळ्यात तिथल्या बायका कोरड्या नदीच्या पात्रात खड्डे खणून पाणी काढतात, तान्ही पोरं पाठीशी बांधून मैल न् मैल चालत दवाखान्यात येतात. हे सगळं आपल्या पॅरिशमध्ये, म्हणजे आपल्या चर्चच्या लोकांत, मोठ्या कौतुकाने सांगितलं जातं. मिशन रविवारी तिचं नाव घेतात, तिच्यासाठी प्रार्थना होते. आणि त्याच लोकांना वाटतं की तिची आई पडली हे तिला कळायला नको! तिच्या कामाचा अभिमान आपल्याला पाहिजे, आणि तिच्या घरचं दुःख मात्र तिच्यापासून लांब ठेवायचं. हा कुठला न्याय?

२००९ साली आमच्या घरात हेच झालं. पप्पा आजारी पडले, आजार वाढत गेला, आणि घरातल्या मोठ्यांनी ठरवलं की ताईला सांगायचं नाही. "तिचं मन विचलित करू नका, तिने व्रतं घेतलीत." मी तेव्हा सासरी मनमाडला. मलाही अर्धंच सांगितलं होतं, "थोडा अशक्तपणा आहे, डॉक्टरांनी आराम सांगितलाय." ताई रविवारी लोडवारला यायची तेव्हा रेंज मिळायची. मग फोन. पप्पा कुठेत? झोपलेत. पप्पांना द्या ना. बाहेर गेलेत. असं कित्येक महिने.

पप्पा गेले ते सुपिरियरनी, म्हणजे तिच्या वरच्या सिस्टरनी, तिला बोलावून सांगितलं. बरं, निघावं तर निघता येईना. केनियातून भारतात येणाऱ्याला पीतज्वराच्या लशीचा दाखला लागतो. तो नसेल तर मुंबईला उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. आता २०१६ पासून हा दाखला आयुष्यभर चालतो, तेव्हा दहाच वर्षं चालायचा. ताई १९९८ ला गेलेली. तिचा दाखला आदल्या वर्षीच संपला होता. लस परत घ्यायची, आणि घेतल्यावर दहा दिवसांनी दाखला लागू. नैरोबीहून मुंबई विमानाने साधारण सहा तास, आणि माझी बहीण बापाच्या मातीला येऊ शकली नाही. महिन्याने त्यांच्यासाठी मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना झाली, तिला मात्र होती.

चार महिने आधी कुणी एका वाक्यात सांगितलं असतं ना, तर त्या मुलीने लस घेऊन ठेवली असती, रजेचा अर्ज टाकून ठेवला असता. पप्पांचा हात तरी हातात घेतला असता. "घोर लावू नका" म्हणणाऱ्यांना हे दिसत नाही. कळलं असतं तर घोर लागला असता, कबूल. पण घोर लागला तरी माणूस काहीतरी करतं! ज्याला काहीच माहीत नाही त्याने काय करायचं?

पप्पा प्रेसमध्ये, म्हणजे नाशिकरोडच्या सरकारी छापखान्यात होते, हे इथल्या बहुतेकांना माहीत आहे. पासपोर्टची पुस्तकं आपल्या नाशिकरोडलाच छापतात. ताईचा पासपोर्ट आला तेव्हा पप्पा गल्लीभर सांगत फिरले होते, "माझ्या पोरीचं पुस्तक आमच्याच हाताखालून गेलंय." मुलगी जाणार म्हणून वाईट वाटलं नाही असं नाही. पण कुणी विचारलं की छाती फुगायची. त्या माणसाला शेवटचे महिने आपल्या मुलीशी मोकळं बोलू दिलं नाही. आईने मला नंतर सांगितलं, फोन वाजला की पप्पा हाताने खूण करायचे, मला द्या म्हणून. आणि घरचे द्यायचे नाहीत. आवाज खोल गेलाय, तिला कळेल म्हणून!

लिहितानासुद्धा हात थरथरतोय.

शरणपूर रोडवरून आपण रोज ये-जा करतो. तिथलं शरणपूर म्हणजे इंग्रजांच्या काळी चर्च मिशनरी सोसायटीने वसवलेली वस्ती. गुलाम म्हणून नेली जाताना अरबी गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथे वाढली, शिकली. त्यातला एक जेकब वेनराईट. तो आणि त्याचे नाशिकचे काही सोबती पुढे आफ्रिकेत डॉ. लिव्हिंगस्टन या मिशनरी प्रवाशाच्या मदतीला गेले. १८७३ च्या मे महिन्यात लिव्हिंगस्टन वारले, आणि या लोकांनी त्यांचा देह खांद्यावर घेऊन शेकडो मैल किनाऱ्याकडे आणला. हे पुष्कळांनी ऐकलेलं असतं. पण मला त्यातली दुसरीच गोष्ट मोठी वाटते. वाटेत त्यांच्या कानावर आलं की साहेबांचा मुलगा शोधमोहिमेबरोबर वाटेवरच्या उन्यान्येंबे या ठिकाणाच्या दिशेने येतोय. तेव्हा जेकबने त्या मुलाच्या नावाने चिठ्ठी लिहिली आणि सोबत्याच्या हाती पुढे पाठवली: आपले वडील आजाराने वारले, देह आमच्याबरोबर आहे, आम्ही उपाशी आहोत, मदत पाठवा. मुलगा प्रत्यक्षात तिथे पोचलाच नव्हता, चिठ्ठी कॅमेरून नावाच्या अधिकाऱ्याच्या हातात पडली. पण जेकबने लिहिली ती मुलाला. स्वतः अर्धपोटी, परक्या मुलखात, आणि ज्याचा बाप गेला त्याला पहिलं कळलं पाहिजे एवढं त्याला समजत होतं. आपल्या नाशिकात वाढलेला पोरगा!

आणि ते लिव्हिंगस्टन स्वतः? १८७१ मध्ये आफ्रिकेतल्या उजिजी गावी त्यांना शोधत गेलेला पत्रकार स्टॅनली त्यांना भेटला तेव्हा त्याने पत्रांची थैली नेली होती. झांझिबारहून निघून त्या थैलीला वर्ष झालं होतं. म्हाताऱ्याने थैली उघडली आणि आधी आपल्या मुलांची एक-दोन पत्रं वाचली. वर्षभराची शिळी पत्रं, तरी आधी घरचीच.

तेव्हा नाइलाज होता. गॉर्डन हॉल हे मुंबईत आलेले पहिल्या फळीतले अमेरिकन मिशनरी. १८२६ मध्ये नाशिकला आले तर इथे पटकी (कॉलरा) पसरलेली, जवळची औषधं वाटली आणि परतीच्या वाटेवर पटकीनेच गेले. बायको आणि मुलं आदल्या वर्षी अमेरिकेला निघालेली. बातमी जायची ती शिडाच्या जहाजाने, महिने लागायचे. आज ताईच्या हातात फोन आहे. तिथे टॉवर आलाय, कॉन्व्हेंटच्या छपरावर सोलर आहे. आता तिला बातमी कळत नसेल तर ती आपणच अडवलेली असते.

हो, सगळी माणसं सारखी नसतात. काहींना रात्री बातमी दिली तर रात्रभर तळमळतात, बीपी वाढतं. तसं असेल तर सकाळी सांगा. पण सांगा.

आणि ताई काही काचेची बाहुली नाही. गुरुवारी मी फोन केला तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा, तिकडे आठ. रडली वगैरे नंतर. पहिला प्रश्न होता, "रक्त पातळ करायची गोळी आज घेतली का तिने?" दुसरा, "साखर किती?" तिसरा, "भूल कोण देतंय, त्यांच्याशी मला बोलायचंय." आणि बोलली. भूलतज्ज्ञ डॉक्टर नंतर मला म्हणाल्या, तुमच्या बहिणीने माझं काम हलकं केलं. आईच्या पंधरा वर्षांच्या गोळ्या तिला तोंडपाठ आहेत, कारण दर महिन्याला चिठ्ठीचा फोटो ती मागून घेते. लांब राहूनही ती घरातच असते. तुम्ही तिला दाराबाहेर उभी करता.

पप्पांच्या वेळी ती आली तेव्हाचं सांगते, आजवर कधी लिहिलं नव्हतं. ती भांडली नाही, कुणाला बोलली नाही. तिच्याजवळ निळ्या रेक्झिनची एक छोटी डायरी असते, रोज एक-दोन ओळी लिहायची तिची सवय. रात्री आम्ही दोघी स्वयंपाकघरात बसलो होतो, तिने ती डायरी माझ्यासमोर उघडली. रविवारची पानं. "फोन. पप्पा झोपलेत." पुढच्या रविवारी, "फोन. पप्पा बाहेर." "फोन. पप्पा मिस्सेला गेलेत." "फोन. पप्पा झोपलेत. भर दुपारी?" त्या प्रश्नचिन्हावर पेन दोनदा गिरवलेलं होतं. मग एकेका पानावर बोट ठेवून ती मला विचारत गेली, "या दिवशी खरं काय होतं?" मला जे नंतर समजलं होतं ते मी सांगत गेले. या दिवशी रक्त चढवलं. या दिवशी पेज पण जात नव्हती. या दिवशी त्यांनी तुझं नाव घेतलं. तिने प्रत्येक ओळीखाली ते लिहून घेतलं. पहाट झाली.

म्हणून मला "बिचारी कशाला रडवायची" असं कुणी म्हटलं की ती निळी डायरी दिसते.

आता ताईवरही राग काढते, कारण ती हे वाचणार आहे. बाईसाहेब, तुम्ही तरी कुठे सांगता? मागच्या पावसाळ्यात तुला मलेरिया झाला, सलाईन लावलं, आणि आम्हाला कळलं ते तुझ्याबरोबरच्या केरळच्या सिस्टरकडून, ते पण तिला वाटलं आम्हाला माहीतच असेल म्हणून. तू आईला म्हणालीस, "थोडी सर्दी आहे." हे चालणार नाही. तुझ्या डायरीत "पप्पा झोपलेत" लिहिलंय, आमच्याकडे "ताईला सर्दी आहे" नको. नियम दोन्हीकडून.

बाकी तिला फक्त मोठ्या बातम्या हव्या असतात असं कुणाला वाटत असेल तर तसंही नाही. तिला गोदावरीच्या पुरात दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी आलं ते हवं असतं. बाळ येशूच्या यात्रेला यंदा गर्दी किती, शेजारच्यांचं गेटवरून भांडण मिटलं का, आईने कुणाला टाकून बोललं, मेथीची जुडी कितीला. मागे मी भाजीबाजारातून चालता चालता फोन चालू ठेवला, ती काही बोलली नाही, नुसती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "तो कांदेवाला अजून तसाच ओरडतो गं." एवढ्याशा गोष्टीने ती आठवडाभर खूश असते. हे द्यायला आपल्याला काय पडतं?

तिने रजेचा अर्ज दिलाय. मिळेल की नाही ते सुपिरियर ठरवतील, तिच्या जागी दवाखान्यात दुसरी नर्स मिळाली पाहिजे. नाही मिळाली तर ती येणार नाही आणि त्याबद्दल तिला कुणी एक शब्द बोलायचा नाही, हे आईनेच आज सगळ्यांना खाटेवरून बजावलंय.

उद्यापासून भेटायला याल तेव्हा आईसमोर "ताईला सांगितलं नाही ना?" हा विषय काढू नका. सांगितलंय. एक्स-रेसुद्धा पाठवलाय. ज्यांना ताईशी बोलायचंय त्यांनी मला मेसेज करा, नंबर देते. आपल्या रात्री साडेनऊनंतर करा, तिची संध्याकाळची प्रार्थना आणि जेवण तोवर झालेलं असतं. आणि लागला नाही तर परत करा, तिथे रेंज जाते-येते.