विहीणबाईंच्या माहेरचा सातबारा

महसूल खात्यातून निवृत्त झालेल्या माणसानं अमेरिकेत मुलीकडे जाताना आपला हुद्दा गुप्त ठेवावा. मी बोस्टनला पोचलो तेव्हा तिच्या सासूबाई, म्हणजे आमच्या विहीणबाई, आयर्लंडच्या सहलीची तयारी करत होत्या. विमानाची तिकिटं निघाली होती, रेनकोट आले होते, अख्ख्या कुटुंबासाठी हिरवे टीशर्टही छापून झाले होते. जायचं त्यांच्या खापरपणजोबांच्या गावाला. त्या गावाचं नाव मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. तेवढ्यात आमची कन्या बोलून गेली, "आमच्या बाबांनी जन्मभर जमिनीचीच दप्तरं चाळली आहेत!"

विहीणबाईंचा शब्द मोडायची आपल्यात पद्धत नाही, मग ती विहीण बोस्टनची का असेना. त्यांनी माझ्यासमोर एक फाईल ठेवली. आत खापरपणजोबांचं नाव, जॉन सलिव्हन, आणि खाली ठिकाण, कॉर्क. म्हणजे कुणी येऊन 'शिवाजी पाटील, जिल्हा कोल्हापूर' एवढं सांगावं आणि वारसनोंद मागावी, त्यातली गत. आयर्लंडात मर्फी आणि केली यांच्यामागोमाग सलिव्हन मंडळींचाच नंबर लागतो, आणि कॉर्क-केरीत तर त्यांचा सुळसुळाट. त्यातून अमेरिकेची जहाजं कॉर्कच्या बंदरातून सुटायची, त्यामुळे भलत्याच जिल्ह्यातला माणूसही बोस्टनला उतरल्यावर 'कॉर्कचा' होऊन जाई.

कागदांपेक्षा आख्यायिका भरपूर होत्या. घराणं मूळचं ओ'सलिव्हन. तो 'ओ' एलिस आयलंडवरच्या, म्हणजे अमेरिकेत येणाऱ्यांना तपासून आत घेणाऱ्या कचेरीतल्या, कारकुनानं खाल्ला, असं विहीणबाई शपथेवर सांगत. खापरपणजोबा आले बटाट्याच्या दुष्काळानंतर लगोलग, १८५०च्या सुमाराला, तेही थेट बोस्टनला. एलिस आयलंडची कचेरी उघडली १८९२ साली, न्यूयॉर्कला. शिवाय तिथले कारकून नावं लिहीतच नसत. जहाजावरून आलेल्या यादीवर फक्त खूण करत. एका निरपराध कारकुनावर दीडशे वर्षांचा आरोप पाहून माझ्यातला सरकारी नोकर कळवळला. मी हे जपून मांडलं. विहीणबाई म्हणाल्या, "मग दुसऱ्या कुणीतरी खाल्ला असेल."

म्हटलं, जनगणना पाहू. १८२१पासून दर दहा वर्षांनी ती झालेली आहे. पण १८५१पर्यंतची दप्तरं यादवी युद्धात, ३० जून १९२२ला, डब्लिनच्या फोर कोर्ट्समधल्या अभिलेखागारासकट जळाली; वाचली ती तुरळक. १८६१ आणि १८७१ची सरकारनं आकडे काढून झाल्यावर स्वतःच नष्ट केली. १८८१ आणि १८९१ची पहिल्या महायुद्धात कागदाच्या टंचाईपायी लगद्यात गेली. मी वाळवी पाहिली, पूर पाहिला, अभिलेख कक्षात पिल्लं घातलेली मांजर पाहिली. पण इतक्या वेगवेगळ्या मार्गांनी एकच दप्तर नाहीसं करणारं खातं पाहिलं नव्हतं.

उरल्या १९०१ आणि १९११च्या गणना. त्या घरबसल्या फुकट पाहता येतात. गावी राहिलेल्या भावंडांची पोरंबाळं तिथे सापडतील म्हणून चाळू लागलो, तर घरोघर १९०१ला पंचावन्न वर्षांचा असलेला माणूस १९११ला सत्तरीचा झालेला! बायको म्हणाली, "अहो, तिकडची हवाच वाईट असेल." हवा कसली? १९०९पासून सत्तरी गाठलेल्यांना आठवड्याला पाच शिलिंग पेन्शन सुरू झालं होतं. जन्माची सरसकट सरकारी नोंद १८६४पासूनची, म्हणजे म्हाताऱ्यांकडे दाखला नाहीच. श्रावणबाळ योजनेचे अर्ज तपासलेल्या माणसाला यात काय नवल? त्या रात्री मला आयर्लंड पहिल्यांदा आपलं वाटलं.

मग चर्चची बाप्तिस्म्याची पुस्तकं. राष्ट्रीय ग्रंथालयानं २०१५मध्ये ती सगळ्यांना पाहायला खुली केली. खुली म्हणजे फक्त चित्रं. वाचायची ज्यानं त्यानं. पाद्रीबुवा लिहिणार लॅटिनमध्ये, जॉनचा योआनेस करणार, तोही अशा अक्षरात की आमचे जुने तलाठी सुलेखनकार वाटावेत. त्यातून थोरल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव आणि दुसऱ्याला आईच्या बापाचं, ही तिकडची चाल. आजोबा जॉन असला की प्रत्येक मुलाच्या घरी एक थोरला जॉन. आपल्याकडेही आजोबांचं नाव ठेवतात, पण निदान हाक मारायला बंडू, बाळू असं काही असतं. "त्र्यंबकेश्वरला असते ना," बायको म्हणाली, "तर उपाध्यायांनी एव्हाना वही काढून सात पिढ्या वाचून दाखवल्या असत्या, वर दक्षिणाही घेतली असती."

एक कागद मात्र पाहून डोळ्यांत पाणी आलं. ग्रिफिथसाहेबांनी १८४७ ते १८६४ या काळात सगळ्या देशाची आकारणी केली, ती यादी. रकाने बघा: कसणारा कोण, जमीन कुणाकडून घेतली, घर की घर-जमीन दोन्ही, क्षेत्र, आकार, आणि नकाशावरचा क्रमांक. एकाच गावात एकाच नावाचे दोघे असले तर ओळखीसाठी बापाचं नाव नाहीतर टोपणनाव. पुढे खातेदार बदलला की जुनं नाव खोडून वेगळ्या रंगाच्या शाईनं नवं लिहायचं, शेजारी साल. फेरफारच की! मी उत्साहानं विहीणबाईंना सांगायला गेलो की बाई, तुमचे लोक कुळं होती. त्यांच्या मते घराण्याचा किल्ला होता. किल्ला होता हो, पण मालकाच्या रकान्यात.

अडचण एवढीच की या यादीत शिरायला टाउनलँडचं नाव लागतं. टाउनलँड म्हणजे आपलं मौजे, काही ठिकाणी जेमतेम वाडी, आणि देशभरात ती साठ हजारांहून जास्त. गावात प्रत्येकाला ते माहीत, म्हणून कुणी लिहून ठेवत नाही. आणि गाव सोडलेल्याला कुणी विचारत नाही.

नाव मिळालं ते खापरपणजोबांच्या आळसामुळे. बोस्टनच्या 'पायलट' या कॅथलिक वर्तमानपत्रात १८३१ ते १९२१ हरवलेल्या आयरिश माणसांच्या शोधाच्या जाहिराती येत: अमुक गावचा, अमुक साली निघाला, कुणाला भेटल्यास कळवावे. आमचे जॉनराव तिथे सापडले. भावानं जाहिरात दिली होती, कारण अमेरिकेला पोचल्यापासून साहेबांनी घरी एक ओळ धाडली नव्हती. बापाचं नाव डॅनियल, गाव गर्टीन. विहीणबाईंना बाकी सगळं सोडून हेच लागलं. "आईला पत्र नाही लिहिलं?" त्यांनी जावयाकडे असं पाहिलं की त्यानं मुकाट्यानं फोन खाली ठेवला.

आता गर्टीन शोधायचं. कॉर्कमध्ये गर्टीन नावाची गावं एकाहून अधिक निघाली, आणि छापखान्यातल्या जुळाऱ्यानं पॅरिशचं, म्हणजे चर्चच्या हद्दीचं, नाव अशा स्पेलिंगनं लावलं होतं की ते दोघांनाही बसत होतं. बरं, डॅनियल सलिव्हन दोन्हीकडे हजर. मी रीतसर टिपण तयार केलं: गर्टीन पहिले, डॅनियलकडे थोडी जमीन, गर्टीन दुसरे, नुसतं घर. दोन्ही बाजूंचे पुरावे, शिफारस, खाली सही आणि तारीख.

विहीणबाईंनी टिपण बाजूला ठेवून विचारलं, "यातलं समुद्राजवळचं कोणतं?"

"दुसरं. पण पुरावा किंचित पहिल्याच्या बाजूनं झुकतो."

"पहिल्याच्या जवळपास हॉटेल?"

जावयानं शोधून सांगितलं की पबच्या वर दोन खोल्या आहेत, बाथरूम सामायिक.

"तरीच मला लहानपणापासून समुद्राची ओढ आहे," विहीणबाई म्हणाल्या.

अशा फेरफारावर हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत द्यायची असते, असं मी बजावलं. त्यांनी त्याच संध्याकाळी समुद्राकडच्या खोल्या आरक्षित केल्या.