फोन दुसऱ्याच्या गळ्यात मारण्याआधीची पूर्वतयारी

प्रत्येकाच्या नात्यात एक तरी 'मोबाईलमधलं कळणारा' असतो. तो इंजिनियर असायलाच हवा असं नाही. कधीकाळी कुणाचा तरी प्रिंटर चालू करून दिलेला असला की झाली नेमणूक, तीही तहहयात. बारसं असो की दहावं, गाठ पडली की त्याच्या हातात फोन ठेवायचा आणि म्हणायचं, "जरा बघ ना, हँग होतोय." पण फोन असा कसातरी नेऊन चालत नाही, त्याला तयारी लागते. परवा माझ्या हातात आलेल्या एका फोनची तयारी इतकी चोख होती की तिचा लाभ इतरांनाही व्हावा म्हणून हे मार्गदर्शन.

सुरुवात रॅम बूस्टरने करा, म्हणजे फोनची चालू कामाची मेमरी 'मोकळी करून देतो' म्हणणाऱ्या ॲपने. एकावर थांबू नका, तीन टाका. अँड्रॉइड नुकतीच वापरलेली ॲप्स मुद्दाम रॅममध्ये ठेवतं, म्हणजे ती पुन्हा चटकन उघडतात. बूस्टर ती हुसकून लावतो, रॉकेट उडवतो आणि एवढी जागा मोकळी केली म्हणून पाठ थोपटून घेतो. मग तेच ॲप परत पहिल्यापासून लोड होतं, प्रोसेसर तापतो, बॅटरी उतरते. बॅटरी उतरली की बॅटरी सेव्हर टाका, तो या तिघांना बंद करत बसेल. 'डिस्प्ले ओव्हर अदर ॲप्स'ची परवानगी सगळ्यांना उदारपणे द्या. त्याशिवाय कॉल उचलायच्या बटणावर रमीची जाहिरात कशी येणार?

क्रोममध्ये कुठल्याही साइटने नोटिफिकेशनचं विचारलं की 'अलाव' दाबा, नाही म्हणणं बरं दिसत नाही.

व्हॉट्सॲपचं मीडिया ऑटो-डाउनलोड चालू राहू द्या, मोबाईल डेटावर तर नक्कीच. सोसायटी, शाळेची बॅच, भिशी आणि गाववाले मिळून ६४ जीबी सहज भरून देतात. स्टोरेज पार गच्च झालं की फोन रांगायला लागतो, कारण फ्लॅश मेमरीला नवं काही लिहायला रिकामे ब्लॉक लागतात आणि ते नसले की आधी साफसफाई करत बसावं लागतं. 'स्टोरेज अँड डेटा'मध्ये 'मॅनेज स्टोरेज' नावाची जागा आहे, तिथे ५ एमबीपेक्षा मोठ्या फाइली वेगळ्या काढून मांडलेल्या असतात. तिकडे चुकूनही जाऊ नका. सुप्रभात आहे ते, पुसायचं कसं?

काच नाक्यावरच्या गाडीवरून लावून घ्या, आणि तीही प्रॉक्सिमिटी सेन्सरवर, म्हणजे फोन कानाला लागलाय हे ओळखणाऱ्या ठिपक्यावर, थोडी चढलेली. मग कॉल चालू असताना स्क्रीन काळी होते ती परत येत नाही, आणि फोन 'आपोआप बंद पडतो' असं सांगायची सोय होते.

मूळ चार्जर पाहुण्यांना देऊन टाका.

अनोळखी नंबरावरून लग्नाची पत्रिका आली आणि फाइलच्या शेवटी एपीके (म्हणजे ॲप बसवायची फाइल) असलं, तर... नाही, हे गमतीतही सांगवत नाही. पत्रिका फोटो म्हणून येते, पीडीएफ म्हणून येते, इन्स्टॉल करावी लागत नाही. ते ॲप एसएमएस वाचायची परवानगी मागतं आणि तुमचे ओटीपी भलत्याकडेच जातात. उघडलंच असेल तर आधी एअरप्लेन मोड, मग दुसऱ्या फोनवरून बँक आणि १९३०, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. माझ्याकडे नंतर या.

आता मुख्य सोपस्कार, जीमेल. नवा फोन घेतला की तो दुकानातल्या पोराच्या हातात द्या. त्याला मागे गिऱ्हाइकं उभी असतात, तुम्हाला जुना पासवर्ड आठवत नसतो, म्हणून तो एक नवंकोरं खातं उघडतो: आडनाव, फोनचं मॉडेल आणि पुढे १२३. पासवर्ड त्याच्या मनाचा. तुम्ही मान डोलवा. पुढच्या फोनला पुढचं खातं. चार फोनांत चार खाती झाली की अर्धे कॉन्टॅक्ट एकात, अर्धे दुसऱ्यात, नातवाच्या मुंजीचे फोटो तिसऱ्यात, आणि तिसऱ्याचं नावही कुणाला सांगता येत नाही. रिकव्हरीला, म्हणजे पासवर्ड विसरला तर कोड यायला, नंबर द्यायचा तो बंद पडलेल्या सिमचा. बंद नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्याला दिला जाऊ शकतो, म्हणजे तुमच्या खात्याचा कोड जाणार कुणा अनोळखी माणसाला. व्हॉट्सॲपचा बॅकअपही याच खात्यात जातो, आणि २०२४ पासून तो गूगलच्या फुकटच्या १५ जीबीत मोजला जातो. ते भरले की बॅकअप थांबतो, मेलही येणं बंद होतं. तशी सूचना गूगलने कधीच पाठवलेली असते, तुम्ही जन्मात न उघडलेल्या त्या मेलबॉक्सात.

एवढी बैठक जमली की शेवटचा हात: पॅटर्न विसरा आणि शेजारच्या हुशार मुलाकडून पॉवर आणि व्हॉल्यूमचं बटण दाबून फोन 'वाइप' करून, म्हणजे सगळा पुसून घ्या. फोन उठतो आणि पहिलं काय विचारतो? आधीचं गूगल खातं. हे कुलूप अँड्रॉइड ५.१ पासून आहे, चोराला फोन वापरता येऊ नये म्हणून. फोन तुम्हाला चोर समजतोय, आणि त्याच्या जागी बरोबर आहे. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) असलेलं पक्कं बिल लागतं. तुमचं बिल कच्चं, नाहीतर थर्मल कागदावरचं, पांढरंफटक पडलेलं. आणि फोन उघडला तरी आतलं गेलं ते गेलंच. मग आम्हाला ऐकवायचं, "एवढं शिकलास, आणि एक पासवर्ड काढता येत नाही?" अहो, गूगलचं कुलूप बसल्या बसल्या तोडता आलं असतं तर मी इथे तुमच्या सोफ्यावर बसलो असतो का? "दुकानवाल्याने टाकलाय" हा पासवर्ड नाही! पंचवीस हजारांचा फोन घेताना कव्हरचा रंग निवडायला अर्धा तास लागतो, आणि पासवर्ड लिहून घ्यायला कागद मिळत नाही?

तर मार्गदर्शन पुरे. फोन चालू आहे, तोवर आज बसा. सेटिंग्ज, गूगल, मॅनेज अकाउंट, सिक्युरिटी, पासवर्ड. जुना आठवत नसेल तर 'फॉरगॉट पासवर्ड' दाबा. खातं फोनवर चालू असेल तर बहुतेक वेळा फोनच्या लॉकवरच काम होतं. रिकव्हरीला आत्ता हातात असलेला नंबर आणि मुलाचा किंवा मुलीचा मेल घाला. टू-स्टेप, म्हणजे पासवर्डनंतरची दुसरी खातरजमा, चालू करा, आठ आकडी दहा बॅकअप कोड मिळतात, ते रेशनकार्डाच्या फाइलमध्ये ठेवा. पासवर्ड डायरीत लिहा, कोण काय म्हणेल याची पर्वा करू नका. यूपीआयचा पिन मात्र तिथे लिहू नका, त्याचं वेगळं रडगाणं ऐकायची माझी तयारी नाही. बूस्टर काढा, तिन्ही काढा. आणि पासवर्ड हाती असल्याशिवाय रीसेट मारायचा नाही, शेजारच्या मुलाने कितीही सांगितलं तरी.

तासाभराचं काम आहे. तेही होत नसेल तर जरूर या, चहा घेऊ, पण फोन खिशातून बाहेर काढू नका.